वसईचे शिबीर : एक पाठ

निफाड तालुक्यातील मुलांना गोदावरी व कादवा या नद्या लहानपणापासून परिचित असतात. समुद्र मात्र पुष्कळांनी चित्रातच पाहिलेला असतो. म्हणून वसईस शिबीर भरवावयाचे असल्यास पाठाचा आरंभ नाशिकपासूनच करावा. गोदातीरी १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या मंदिरावर एक मोठी पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. ती प्रथम दाखवावी, आणि ‘ही येथे कशी आली?’ हा प्रश्न तसाच ठेवून पुढे निघावे.

उत्तर वसईच्या तटापाशी मिळते. गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली. दोन शतकांनंतर चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून बुरूज फोडला व मे १७३९ मध्ये किल्ला घेतला. तेथील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या. नाशिकची घंटा त्यांपैकीच एक. १८०२ च्या वसईच्या तहाचा उल्लेख येथे करावा. विस्तार वरच्या वर्गांसाठी ठेवावा.

किल्ल्यातील पडकी चर्चे पाहून ‘ही शत्रूची घरे’ असे म्हणणारा एखादा मुलगा निघतोच. त्याला दटावू नये. शरण आलेल्या पोर्तुगिजांना मराठ्यांनी सन्मानाने जाऊ दिले, हे सांगावे व मुलांना जवळच्या गावात न्यावे. तेथील ख्रिस्ती शेतकरी मराठीचीच एक बोली बोलतात. आपल्याकडे द्राक्षे वाळवून बेदाणा करतात, तशी तेथे केळी वाळवून सुकेळी करतात. हे ऐकल्यावर शेतकऱ्यांची मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागतात; शिक्षकाने तेथे मध्ये पडू नये.

पाण्याविषयी मात्र शिक्षकाने कठोर असावे. नदीत पोहणारा मुलगा खाडीलाही नदीच समजतो. नदी एकाच दिशेने वाहते. खाडीचा प्रवाह भरती-ओहोटीबरोबर उलटतो, आणि ओहोटीचा ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यासही आवरत नाही. स्नानाची परवानगी कोणासही देऊ नये. भरतीची वेळ स्थानिक कोळ्यांना विचारून घ्यावी, धक्क्यावर सुरक्षित अंतरावर मुलांना बसवावे आणि पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढते, हे दर अर्ध्या तासाने वहीत टिपावयास सांगावे. दुसऱ्या दिवशी भरती त्याच वेळी येत नाही. सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. असे का होते, हे लगेच सांगू नये. रात्री मुलांना अंगणात बसवून चंद्र किती वाजता उगवतो, तेही त्याच वहीत लिहावयास लावावे.