छाप पाहावी, छापेमागचे काम पाहावे

बाजारात तूप घेताना आपण काय पाहतो? डब्यावर ॲगमार्क आहे ना, ते पाहतो. सोन्याचा दागिना घेताना हॉलमार्क पाहतो. वाण्याच्या वजनावर सरकारी खूण असते, तीही पाहतो. ही छाप कशाला हवी? तुपातली भेसळ डोळ्यांना दिसत नाही. वजन थोडे हलके असले तर हाताला कळत नाही. जे आपल्याला कळत नाही, ते जाणत्या माणसाने तपासले आहे, असे छाप सांगते.

ही झाली मालाची छाप. पण आख्ख्या कंपनीला छाप देता येईल का? ती कंपनी आपल्या कामगारांशी कशी वागते, गावाशी कशी वागते, माती-पाण्याशी कशी वागते, हे कुणी तपासू शकेल का? अशी एक छाप आहे. तिची माहिती या धड्यात घेऊ.

दिव्याखाली अंधार नको

आता घरोघरी छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. ऊन फुकटचे. धूर नाही, राख नाही. फार चांगली गोष्ट आहे. पण पॅनेल काही आपोआप छपरावर चढत नाही. ते माणूस चढवतो. तो उंचावर, उन्हात काम करतो. त्याच्या कमरेला पट्टा आणि दोर आहे का? तो पडला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार? त्याला पुरी मजुरी मिळते का?

दुसरी गोष्ट. पॅनेल साधारण पंचवीस वर्षे चालते. पुढे त्याचे काय करायचे? त्यात काच असते, ॲल्युमिनियम असते, जोडकामात थोडे शिसेही असते. ते ओढ्याकाठी फेकून दिले, तर शिसे मातीत उतरण्याची भीती असते. वीज स्वच्छ, पण धंदा अस्वच्छ, असे झाले तर तो दिव्याखाली अंधारच म्हणायचा.

बी कॉर्प म्हणजे काय?

अमेरिकेत २००६ साली बी लॅब नावाची संस्था निघाली. ही संस्था नफ्यासाठी चालत नाही. जी कंपनी तिच्या कसोटीला उतरते, तिला ‘बी कॉर्प’ ही छाप मिळते. पहिल्या छापा २००७ साली दिल्या गेल्या.

कसोटी कशी असे? कंपनीला लांबलचक प्रश्नपत्रिका मिळे. कारभार, कामगार, समाज, पर्यावरण आणि गिऱ्हाईक असे त्यात पाच भाग. पगार काय देता? कचरा कुठे टाकता? हिशेब कामगारांना दाखवता का? नुसते तोंडी उत्तर चालत नसे. तपासनीस कागदपत्रे मागवीत. २०० पैकी निदान ८० गुण मिळाले तर पास. मिळालेले गुण सर्वांना पाहता येत. आणि दर तीन वर्षांनी परीक्षा पुन्हा द्यावी लागे.

आणखी एक अट मोठी आहे. फक्त भागधारकांचा फायदा पाहून चालणार नाही. कामगार, गाव आणि निसर्ग यांचाही विचार करू, असे कंपनीने आपल्या कायदेशीर नियमांतच लिहून द्यायचे. तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो, लिहिलेले राहते.

एका कंपनीची गोष्ट

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात बोल्डर नावाचे शहर आहे. तिथे २००५ साली छपरावर सौर पॅनेल बसवणारी एक कंपनी सुरू झाली. नाव ठेवले ‘नमस्ते सोलर’. अमेरिकेत हे नाव कसे? तिच्या संस्थापकांपैकी ब्लेक जोन्स यांनी आधी नेपाळात विजेचे काम केले होते. तिथला नमस्कार त्यांनी बरोबर नेला.

१७ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी डेन्व्हर शहरातील एका संग्रहालयात एका मोठ्या कायद्यावर सही केली. मंदीतून देशाला वर काढण्यासाठी तो कायदा होता. त्या संग्रहालयाच्या छपरावरची पॅनेल याच कंपनीने बसवली होती.

२०११ साली कंपनीने दोन गोष्टी केल्या. बी कॉर्प ही छाप मिळवली आणि स्वतःची सहकारी संस्था केली. सहकार आपल्याला नवा नाही. प्रवरानगरचा साखर कारखाना ऊस पिकवणाऱ्यांनी उभारला. इथे फरक एवढाच, की मालक झाले ते काम करणारे. जो कामगार सभासद झाला, त्याला एक मत. साहेबालाही एकच मत. शिवाय सर्वांत मोठा पगार सर्वांत लहान पगाराच्या सहापटीहून जास्त नको, अशी मर्यादाही त्यांनी घालून घेतली.

छपरावर चढणाऱ्या माणसाला मताचा अधिकार असला, की सुरक्षेच्या पट्ट्याचे पैसे वाचवू या, असे कोण म्हणेल?

छापेलाही मर्यादा आहे

छाप म्हणजे देवाचा शब्द नव्हे. जुन्या पद्धतीत एका भागात कमी पडलेले गुण दुसऱ्या भागात भरून काढता येत. म्हणजे गणितात नापास, पण चित्रकलेवर वर्ग चढला! यावर टीका झाली. डॉ. ब्रॉनर्स या साबण करणाऱ्या कंपनीने २०२५ साली ही छाप सोडून दिली. बड्या कंपन्यांच्या बाबतीत नियम पुरेसे कडक नाहीत, ही तिची तक्रार. त्याच वर्षी बी लॅबने नवे नियम जाहीर केले. आता सात विषय आहेत आणि प्रत्येकात किमान अट पुरी करावीच लागते.

दुसरे असे, की ही छाप पॅनेल किती वीज देईल हे सांगत नाही. त्यासाठी मालाचे प्रमाणपत्र वेगळे पाहावे.

आपण काय करावे?

आपल्या देशात २०२४ साली सूर्यघर योजना आली. अनुदानासाठी पॅनेल नोंदणी झालेल्या विक्रेत्याकडून बसवून घ्यावे लागते. नोंदणी जरूर पाहा. पण तेवढ्यावर थांबू नका. कामाला येणाऱ्या माणसांचा विमा आहे का, ते विचारा. पट्टा आणि दोर नसेल, तर छपरावर चढू देऊ नका. जुने पॅनेल कोण परत नेणार, ते लिहून घ्या. सौर पॅनेलचा कचरा आता ई-कचऱ्याच्या नियमांत येतो. ते नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. पैसे आपले, छप्पर आपले. आणि वर चढणारा पोरगा कुणाच्या तरी घरचा आहे.

प्रश्न

१. मालाची छाप आणि कंपनीची छाप यांत फरक काय?
२. सर्वांना एकच मत असले, तर कामगाराचा काय फायदा होतो?
३. जुन्या गुणपद्धतीत कोणती उणीव होती?
४. तुमच्या गावात पॅनेल बसवणाऱ्यांना तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल? वहीत लिहा.