भिवंडीतूनच सुरुवात कर

चि. बाळास,


तुलनात्मक शासनाच्या पेपरसाठी तू संविधान, निवडणूक, न्यायालय यांच्या व्याख्या पाठ करते आहेस, असं ताई फोनवर म्हणाली. पाठ जरूर कर, मार्क मिळतील. पण प्रत्येक व्याख्येपुढे एक प्रश्न लिहून ठेव. हा नियम मोडला गेला, तर कुणी काय करायचं? उत्तर शोधायला भिवंडीबाहेर जावं लागणार नाही.

२०२४ची लोकसभा घे. सुरेश म्हात्रे, ज्यांना सगळे बाळ्यामामा म्हणतात, ते ४,९९,४६४ मतं मिळवून निवडून आले. कपिल पाटलांना ४,३३,३४३ मतं होती, अपक्ष निलेश सांबरेंना २,३१,४१७. दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज विजेत्यापेक्षा दीड लाखाहून जास्त भरते. निकाल मात्र चोख कायदेशीर, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त मतं मिळाली की पुरे, निम्म्याची अट नाही. फ्रान्समध्ये अशा वेळी दुसरी फेरी होते. जर्मनीत पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळतात.

आता महापालिका. इथे जरा थांबून वाच. संविधानाच्या कलम २४३-यू प्रमाणे पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आपल्या पालिकेची मुदत जून २०२२ मध्ये संपली. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. मधली साडेतीन वर्षं प्रशासक. कामतघरला गटार तुंबलं की लोक अर्ज द्यायचे, आवकचा शिक्का मारून पोच घ्यायचे. पण ‘पुढच्या वेळी मतं मागायला या, मग बघतो’ असं ज्याला सुनवावं, तो नगरसेवकच नव्हता.

हे का घडलं? मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी आयोग, आकडेवारी आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा या अटी घातल्या. त्यात प्रभागरचनेचे वाद मिसळले आणि राज्यभरच्या निवडणुका अडकल्या. शेवटी मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, पुढे ३१ जानेवारी २०२६ची मुदत घातली, तेव्हा कुठे मशीन मतदान केंद्रावर आलं. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, त्याचा निवाडा हवाच होता. पण त्यासाठी अख्ख्या शहराचं मत इतकी वर्षं थांबवणं चूकच होतं, असं माझं ठाम मत आहे.

आता ब्रिटन बघ. तिथे एकसंध लिखित संविधान नाही, संसदच सर्वोच्च. १९३५ला निवडून आलेल्या संसदेने महायुद्धात दरवर्षी साधा कायदा करून स्वतःची मुदत वाढवली, पुढची निवडणूक थेट १९४५ला. आपल्याकडे साध्या कायद्याने पालिकेची मुदत वाढत नाही, तरी निवडणूक रखडलीच. कागदावरचं कलम पाळलं जावं म्हणून निवडणूक आयोग, सरकार आणि न्यायालय तिघांच्या मागे लागणारे नागरिक लागतात. परीक्षेत हे तुझ्या शब्दांत लिही.

आणि एक. तुला अठरा पूर्ण झाली, मतदारयादीत नाव अजून नाही. नमुना ६ या आठवड्यातच भर.

तुझा,
मामा