कॉन्फ्लिक्ट मिटवण्याआधी

एकाच फायलीवर अनेकांनी काम करावे आणि तरीही कोणाचे काम पुसले जाऊ नये, यासाठी व्हर्जन कंट्रोल, म्हणजे प्रत्येक बदलाची कर्त्याच्या नावासह नोंद ठेवणारी व्यवस्था, वापरली जाते. १९८२ मधील आरसीएस या प्रणालीत फाईल बदलण्याआधी तिला कुलूप घालावे लागे आणि इतरांना थांबावे लागे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेल्या गिटमध्ये मात्र प्रत्येकजण आपापल्या प्रतीत बदल करतो आणि ते मागाहून एकत्र केले जातात, ज्याला मर्ज म्हणतात.

मर्ज करताना गिट दोन्ही बाजूंच्या ताज्या प्रती त्यांच्या समान मूळ प्रतीशी ताडून पाहते आणि एकाच जागी दोघांनी वेगवेगळे बदल केलेले आढळले, तर दोन्ही मजकूर खुणा घालून समोर ठेवते; हाच कॉन्फ्लिक्ट. समजा, ‘विलंब शुल्क ५० रुपये’ या ओळीत एकाने ५० चे ७५ केले आणि दुसऱ्याने पुढे ‘ज्येष्ठ सभासदांना माफ’ असे जोडले, तर घाईने कोणतीही एक बाजू स्वीकारल्यास खुणा जातात, फाईल नीटनेटकी दिसते, पण रीतसर झालेला एक निर्णय कोणाच्याही नकळत रद्द होतो. बरोबर ओळ, म्हणजे ७५ रुपये आणि माफीही, दोघांपैकी कोणाच्याच प्रतीत नसते. ती विचार करून लिहावी लागते. त्यासाठी मूळ ओळही दाखवणारी डिफ३ ही मांडणी चालू ठेवणे उपयोगी पडते. रिबेस करताना, म्हणजे आपले बदल दुसऱ्या शाखेच्या (बदलांच्या स्वतंत्र मालिकेच्या) टोकावर नव्याने रचताना, ‘आवर्स’ (आपली बाजू) आणि ‘थेअर्स’ (समोरची बाजू) यांचे अर्थ उलटतात, याचेही भान हवे.

याहून घातक असतो तो न दिसणारा विरोध: एकाने फंक्शनचे नाव बदलले आणि दुसऱ्याने वेगळ्या फायलीत जुन्याच नावाने ते वापरले, तर गिट तक्रार करत नाही, मात्र प्रोग्रॅम मोडतो. म्हणून मर्जनंतर चाचण्या चालवल्याशिवाय काम संपले असे मानू नये. बदल लहान ठेवावेत, रोज पुल करावे, म्हणजे इतरांचे बदल आपल्या प्रतीत आणावेत, गोंधळ वाढल्यास मर्ज अबॉर्ट करून पूर्वस्थितीला यावे आणि सामायिक शाखेवर फोर्स पुश, म्हणजे तिथल्या नोंदींवर आपली प्रत जबरदस्तीने लादणे, टाळावा, कारण त्याने सहकाऱ्यांचे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, शाखेवरून नाहीसे होऊ शकतात. दोन ओळींपैकी कोणती राहावी हे गिट ठरवू शकत नाही. ते त्या ओळी लिहिणाऱ्यांनाच विचारावे.