मांडी पुन्हा भरते

सांगली-मिरजेत फिजिओथेरपिस्ट म्हणून घरोघरी जाऊन मी वयस्कर माणसांना उठतं-चालतं करते. या कामाने मनात पक्क्या बसवलेल्या काही गोष्टी सांगते.

1. बळ गेलंय हे चालण्याआधी उठण्यात कळतं. खुर्चीतून उठताना माणूस दोन्ही हात मांड्यांवर रेटतो, पुढे झुकतो, एकदा मागे टेकतो आणि मग झोका घेऊन उठतो. घरचे म्हणतात, "गुडघे धरलेत." मी मांडीवर हात ठेवून "आवळा" म्हणते, तेव्हा पुढचा स्नायू हाताखाली मऊच राहतो. हात छातीवर बांधून 5 वेळा उठून बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांप्रमाणे तपासणी करून घ्यावी. स्नायू झिजण्याच्या या अवस्थेला सार्कोपेनिया म्हणतात.

2. "आता आराम करा" हे प्रेमाने म्हटलं जातं, पण त्याची किंमत मोठी असते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात सरासरी 67 वर्षांच्या निरोगी माणसांना 10 दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात पायांतला जवळजवळ 1 किलो चरबीविरहित भाग, म्हणजे बहुतांशी स्नायू, गेला. ही माणसं धडधाकट होती. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या, त्यात तोंडाची चव गेलेल्या आजींचं काय होत असेल? म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी मी त्यांना पलंगाच्या कडेला बसवते. त्या रागावतात, मुलगाही कधी रागावतो.

3. स्नायूला भार लागतो. रोजचं फिरणं हृदयाला, मनाला फार चांगलं, पण मांडी भरायला ते पुरत नाही. स्नायूच्या तंतूवर ताण आला की पेशीतली एमटॉर नावाची यंत्रणा जागी होते आणि नवीन प्रथिनं बांधायचा हुकूम सुटतो. तंतूंना चिकटून झोपलेल्या सॅटेलाइट पेशीही जाग्या होतात, दुरुस्तीला लागतात. 1961 मध्ये अलेक्झांडर मौरो यांनी त्या बेडकाच्या स्नायूत पाहिल्या. म्हातारपणी त्या कमी होतात, मंदावतात, पण संपत नाहीत.

बॉस्टनमध्ये 1990 साली मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या 86 ते 96 वर्षांच्या माणसांकडून 8 आठवडे खरोखर जड वजनाचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या मांडीचं बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढलं. "या वयात आता काय व्हायचंय?" असं कोणी म्हटलं की मी हाच आकडा सांगते. मग आजींच्या घोट्याला वाळूची पट्टी बांधते. पाय सरळ करताना शेवटच्या दोन-तीन वेळा ओठ घट्ट मिटले पाहिजेत, इतकं वजन हवं. ते सहज जमायला लागलं की पट्टीत वाळू वाढवायची.

4. पहिल्या काही आठवड्यांत मांडी टेपने मोजू नका. सुरुवातीचं बळ मुख्यतः मज्जासंस्थेमुळे वाढतं, घेर नंतर वाढतो.

5. संध्याकाळी चहा-बिस्किट आणि रात्री दूधभात, एवढ्यावर स्नायू बांधला जात नाही. उतारवयात तेवढ्याच प्रथिनाला स्नायू कमी दाद देतो, म्हणून तज्ज्ञ रोज दर किलो वजनामागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं सुचवतात. 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात, यावरून हिशेब करा. दोन्ही जेवणांत घट्ट वरण किंवा उसळ हवी, शिवाय दही, पनीर, अंडं, मासे, जे घरात चालतं ते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

6. "यावर गोळी नाही का हो?" हे प्रत्येक घरातली सूनबाई विचारतेच. स्नायूच्या वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिन हे प्रथिन 1997 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी शोधलं. बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांमध्ये ते जन्मतःच निकामी असतं, म्हणून त्यांचे पुठ्ठे इतके फुगीर दिसतात. हा लगाम सैल करणारी औषधं माणसांवर तपासली गेली. त्यांपैकी बिमाग्रुमॅब सार्कोपेनियाच्या वृद्धांना दिलं, तेव्हा स्नायू वाढला. त्या चाचणीत औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांना व्यायाम आणि नीट आहारही दिला होता. उठण्या-चालण्यात दोन्ही गट सुधारले. औषधाचा गट त्यात ठळकपणे पुढे गेला नाही.