बाजरी, लोह आणि माझी क्रॉस कंट्री

मागच्या वर्षी जुलैमध्ये क्रॉस कंट्रीच्या निवडीच्या वेळी मी चौथ्या किलोमीटरला थांबलो. पाय दुखत नव्हते, दमच पुरत नव्हता. हाऊसच्या संघातून माझे नाव गेले. त्याच दिवसांत संध्याकाळच्या प्रेपमध्ये गणिताचे एकच उदाहरण मी तीन-तीनदा वाचत असे आणि कुणी नुसती हाक मारली तरी चिडत असे. उस्ताद म्हणाले, आळस आहे. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते.

मग वार्षिक तपासणीत माझे हिमोग्लोबिन १०.८ निघाले. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे १२ ते १४ वयाच्या मुलांमध्ये ते दर डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. एमआय रूममधल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खातोस काय?" मी म्हणालो, "मेसमधलं सगळं खातो, सर." हे खोटे होते. भाजी मी अर्धी सोडत असे. थंडीत जयपूरच्या पद्धतीची बाजरीची रोटी, लसणाची चटणी आणि गूळ ताटात आला की रोटी शेजाऱ्याला देत असे आणि रात्री ट्रंकेतली बिस्किटे खात असे. जेवणाबरोबर चहा मात्र रोज.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एक गोष्ट समजावून सांगितली, ती इथे लिहितो. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन कमी बनते आणि रक्तातून प्राणवायू कमी पोहोचतो. पळताना हे लगेच कळते, कारण स्नायू मागणी करतात. मेंदूचे मात्र आपल्या लक्षात येत नाही. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू तो सुमारे २० टक्के वापरतो. शिवाय डोपामिन नावाचे जे रसायन लक्ष आणि उत्साह यांच्याशी जोडलेले आहे, ते तयार व्हायलाही लोह लागते. म्हणजे माझे पळणे, माझे गणित आणि माझे चिडणे यांचे मूळ बहुधा एकच होते.

आमचे गाव पारनेर तालुक्यात, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात. विज्ञानाच्या प्रोजेक्टसाठी वाचताना मला आमच्याच जिल्ह्यात झालेला एक प्रयोग सापडला. १२ ते १६ वयाच्या २४६ शाळकरी मुलांचे दोन गट केले आणि दोन्ही गटांना सहा महिने बाजरीचीच भाकरी दिली. फरक फक्त वाणाचा. एका गटाला साधी बाजरी आणि दुसऱ्याला 'धनशक्ती', म्हणजे निवड करून लोह वाढवलेले वाण. सुरुवातीला ४१ टक्के मुलांमध्ये लोहाची कमतरता होती. चार महिन्यांतच धनशक्तीच्या गटात शरीरातला लोहाचा साठा जास्त वाढलेला दिसला. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१८ मध्ये १४० मुलांच्या लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांचे निकाल आले. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचे, अशा प्रकारच्या त्या चाचण्या. लोह जास्त असलेली भाकरी खाणाऱ्या मुलांचा वेग जास्त सुधारला होता. फायरिंग रेंजवर उभे राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

हे वाचले तेव्हा मला आजी आठवली. त्याआधीच्या दिवाळीनंतर निघताना तिने कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. डॉर्मिटरीत ते फडके सोडायची मला लाज वाटली. चौथ्या दिवशी गुपचूप टाकून दिले आणि फोनवर सांगितले, सगळ्यांनी आवडीने खाल्ली.

बाजरी म्हणजे औषध नव्हे, हेही सांगितले पाहिजे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते, मैद्यात २ च्या आत. आपल्या देशाच्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वयाच्या मुलग्यांना रोज २२ मिलिग्रॅम लागते आणि मुलींना ३०. म्हणजे नुसत्या रोटीने भागत नाही, डाळ, पालेभाजी, हरभरे, तीळ हेही ताटात हवेत. त्यातही धान्यातले सगळे लोह अंगी लागत नाही. बाजरीतले फायटेट ते धरून ठेवते आणि चहातले टॅनिन आणखी अडवते. लिंबू किंवा आवळा बरोबर असेल तर जास्त शोषले जाते. पीठ ताकात कालवून आंबवले तर फायटेट कमी होते, आणि इथली राबडी नेमकी तशीच करतात. राजस्थान हे देशात सर्वाधिक बाजरी पिकवणारे राज्य आहे आणि इथे राहून मी तीच शेजाऱ्याच्या ताटात टाकत होतो!

मेसमधल्या मित्रांना बाजरी म्हणजे 'गावठी' वाटते, म्हणून एक बातमी सांगतो. मार्च २०२३ मध्ये भारतीय सेनेने जवानांच्या शिध्यात बाजरी, ज्वारी आणि नाचणीचे पीठ पुन्हा आणले. जवळजवळ अर्ध्या शतकापूर्वी गव्हाच्या आट्यासाठी ते बंद झाले होते. आता गहू-तांदळाच्या ठरलेल्या शिध्यापैकी २५ टक्क्यांपर्यंत हे पीठ घेता येते. बाबा सेनेत आहेत. ते म्हणाले, "आमच्या मेसमध्ये पहिल्या दिवशी निम्म्यांनी तोंड वाकडं केलं. तुझ्यासारखंच."

मी तीन गोष्टी बदलल्या. चहा जेवणानंतर तासाभराने, जेवणात लिंबाची फोड, आणि ताटातले काही सोडायचे नाही. यंदाच्या दिवाळीत आजीकडे कडक भाकरी स्वतः मागितली आणि मागच्या वेळचे खरेही सांगून टाकले. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आता खाशील ना पण?" ती भाकरी आम्ही आठ जणांनी दोन रात्रींत संपवली.

चार महिन्यांनी माझे हिमोग्लोबिन १२.४ होते. हे गोळ्यांमुळे झाले की जेवणामुळे, मला सांगता येणार नाही, कारण माझ्या प्रयोगात दुसरा गट नव्हता. डॉक्टर म्हणतात, मुख्य काम गोळ्यांचे, पण ते टिकवायचे काम ताटाचे. ज्याला धाप लागते त्याने आधी रक्त तपासून घ्यावे, माझ्यासारखे आळस समजून बसू नये.

मागच्या महिन्यात पुन्हा तपासले, १२.९ आले. मी खूश झालो. पण आता मला पंधरा पूर्ण झाली आहेत आणि पंधराच्या पुढच्या मुलग्यांसाठी माप १३ आहे! क्रॉस कंट्रीची निवड तीन आठवड्यांवर आली आहे.