मालक नसलेल्या जाळ्यावर लक्ष कोण ठेवतं?

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. त्याने घराच्या छपरावर एक लहान डबी, अँटेना आणि वहीएवढं सोलर पॅनल बसवलं आहे. सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही, तरी त्यातून निरोप जातात म्हणे. पण निरोप पाठवण्यापेक्षा त्या जाळ्याचे आलेख पाहण्यातच त्याचा जास्त वेळ जातो. त्यात एवढं पाहण्यासारखं काय असतं? आणि हे दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकणं नव्हे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या वर्णनावरून ती डबी मेशटॅस्टिकचा नोड असावी. केव्हिन हेस्टर यांनी २०२० साली सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प लोरा या रेडिओतंत्रावर चालतो. वेग कमी घ्यायचा आणि त्या बदल्यात लांबचं ऐकू येईल असं करायचं, हे लोराचं सूत्र. मेशटॅस्टिकच्या नेहमीच्या ‘लाँगफास्ट’ मांडणीत सेकंदाला जेमतेम १ किलोबिट मजकूर जातो, पण भोवतालच्या रेडिओ गोंगाटाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका क्षीण संदेशही वाचता येतो. एका नोडने ऐकलेलं पॅकेट (एका वेळी पाठवलेला मजकुराचा गठ्ठा) तो पुढे सांगतो, ते ऐकून आणखी कोणी पुढे सांगतो. असे टप्पे साधारणपणे ३, आणि वाढवून जास्तीत जास्त ७.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतालच्या भागात लोक हे हौसेनं करतात, पण त्यामागे नुसती हौस नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वणव्याच्या भीतीने वीज मुद्दाम बंद ठेवली गेली, तेव्हा मरीन परगण्यातले निम्म्याहून अधिक मोबाइल टॉवर मुके झाले होते. तुमच्या भाच्याच्या फ्रीमाँटमधून तर हेवर्ड हा भूकंपप्रवण प्रस्तरभंग जातो. टॉवर पडले तरी शेजारच्या गावाला ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढं कळवता यावं, ही गरज तिथे खरी आहे.

आता आलेखांकडे येऊ. मोबाइल कंपनीला नियंत्रण कक्ष असतो. कुठला टॉवर बंद, कुठे गर्दी, हे तिथे बसल्या जागी दिसतं. या जाळ्याला मालकच नाही. कोणीही नोड लावतो, कोणीही काढून नेतो आणि प्रत्येकाला फक्त आपल्या अँटेनापर्यंत पोहोचलेलं कळतं. म्हणून काही हौशी मंडळी एक नोड रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाला जोडतात आणि कानावर पडलेलं प्रत्येक पॅकेट नोंदवून ठेवतात. पॅकेटच्या सुरुवातीचे १६ बाइट उघडे असतात: कोणाकडून, कोणासाठी, पॅकेटचा क्रमांक, किती टप्पे उरले. एकच पॅकेट तीन वाटांनी आलं तर क्रमांकावरून ओळखू येतं. निघताना किती टप्पे दिले होते आणि आता किती उरले, यावरून ते किती हातांतून आलं तेही समजतं. दिवसभराच्या अशा नोंदी एकावर एक रचल्या की न दिसणाऱ्या जाळ्याला आकार येतो.

त्यातून पहिली गोष्ट दिसते ती अशी, की हवेतला बराच वेळ माणसांच्या निरोपांनी व्यापलेलाच नसतो. माझी बॅटरी एवढी, माझं ठिकाण हे, माझं नाव हे, असं नोड स्वतःविषयीच सांगत असतात. लाँगफास्टवर लहानसं पॅकेटसुद्धा सुमारे अर्धा सेकंद हवा अडवतं, पूर्ण भरलेलं दोन सेकंद. पुढे सांगणारा प्रत्येक नोड तेवढाच वेळ पुन्हा घेतो. (मराठी माणसाने लक्षात ठेवावं: रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला, मात्रेला आणि हलन्तालाही ३. ‘नमस्कार’ लिहिला की २१ बाइट गेले. एका निरोपात साधारण २०० बाइट मावतात. तेव्हा मराठीत थोडक्यात लिहावं.)

दहावीस नोड असतात तोवर हे खपून जातं. शंभरावर गेले की सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात आणि कोणाचंच पोहोचत नाही. चॅनेल किती टक्के वेळ व्यापलेला आहे, हा आकडा नोड स्वतः मोजतो. तो २५ च्या पुढे गेला की स्थान आणि बॅटरीचे अहवाल फर्मवेअर आपण होऊन रोखून धरतं. खाडी परिसरातल्या मंडळींनी पुढे लाँगफास्ट सोडून ‘मीडियमस्लो’ ही मांडणी घेतली. तिचा वेग जवळजवळ दुप्पट, म्हणजे तेच पॅकेट निम्म्या वेळात निघून जातं. पोच थोडी घटते, पण दाट जाळ्यात शेजारी जवळच असतात. कोणाचा हुकूम नसताना इतक्या लोकांनी एकदम मांडणी बदलायची, तर दाखवायला आकडे हातात लागतात. लक्ष ठेवण्याचा हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

डोंगरांमुळे गुंतागुंत आणखी वाढते. फ्रीमाँटच्या पाठीशी मिशन पीक आहे, वर उत्तरेला १,१७३ मीटरचा माउंट डायब्लो. नोड बोलण्याआधी हवा मोकळी आहे का, हे ऐकून घेतो. पण डोंगराच्या अलीकडचा आणि पलीकडचा नोड एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. दोघांनाही हवा मोकळी वाटते, दोघेही एकाच वेळी बोलतात आणि माथ्यावरच्या नोडच्या कानात दोन्ही पॅकेटं एकमेकांना मारतात. खालच्याचा आलेख सांगतो, सगळं शांत आहे. माथ्यावरचा सांगतो, श्वास घ्यायला जागा नाही. दोन्ही आलेख खरेच आहेत! म्हणून एका घरातून ठेवलेली नोंद पुरत नाही, वेगवेगळ्या उंचीवरच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात.

घराच्या छपरावर नोड बसवून त्याला ‘राउटर’ ही भूमिका देणारे उत्साही लोकही या नोंदींतच सापडतात. एरवी नोड थोडं थांबतो. ज्याने संदेश क्षीण ऐकला, म्हणजे जो बहुधा लांब आहे, त्याला आधी बोलू देतो आणि त्याने पुढे सांगितलेलं कानी आलं की स्वतः गप्प बसतो. राउटर मात्र थांबत नाही. माथ्यावर ते योग्यच आहे. पण सखल वस्तीत असा नोड हाताशी असलेल्या तीन टप्प्यांपैकी एक टप्पा दोन गल्ल्यांतच संपवून टाकतो.

बॅटरीचा आलेख सोपा असतो. लिथियमचा सेल भरला की ४.२ व्होल्ट, रात्री उतार, सकाळी चढ. पावसाळी हिवाळ्यात तो रोज थोडा आणखी खाली टेकू लागला, की डोंगरावरचा नोड बंद पडण्याआधीच पॅनल बदलायला जाता येतं.

तुमचा दुसरा प्रश्न अगदी रास्त आहे. मूळ चॅनेलची कुलूपकिल्ली सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे तिथे बोललेलं चावडीवर बोलल्यासारखंच. खासगी चॅनेलचा मजकूर बाहेरच्याला वाचता येत नाही. २०२४ पासून दोघांतल्या थेट निरोपांनाही सार्वजनिक-किल्ली पद्धतीचं संरक्षण आहे. तरी कोण कोणाशी आणि केव्हा बोललं, हे उघड्या १६ बाइटांतून दिसतंच. आणि नोडने आपलं स्थान सांगितलं असेल, तर कोणाचं तरी घर नकाशावर येतं. जाळ्याचं आरोग्य तपासायला एवढं जपून ठेवायची गरज नसते. मोजणी ठेवावी, मजकूर ठेवू नये, कोणाचं नेमकं स्थान जाहीर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भाचा काय जपून ठेवतो, हे त्याला जरूर विचारा.

आणखी एक त्याला सांगा. नोंद ठेवणाऱ्याने नुसतं ऐकावं. वाट शोधायला ‘ट्रेसराउट’ची सोय आहे, पण ती वारंवार वापरली तर ज्या गर्दीचा शोध घ्यायचा तीच वाढते.

इकडे कोणाला हे करून पाहायचं असेल, तर भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा २०२१ च्या नियमांनुसार कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना खुला आहे. शक्ती आणि पट्टारुंदीच्या मर्यादा मात्र पाळाव्या लागतात आणि उपकरणाला मान्यता असावी लागते. अमेरिकेतल्या नोडची मांडणी ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झची असते. तेव्हा भाच्याने सुट्टीत येताना एखादा नोड भेट आणलाच, तर चालू करण्याआधी अँटेना जोडा, प्रदेश बदलून ‘भारत’ करा आणि तो अँटेना ८६५ च्या पट्ट्यासाठी योग्य आहे का, तेही पाहून घ्या.