स्थिरांक आणि सामायिक चल : समांतर प्रोग्रामिंगचा एक पाठ

आजच्या साध्या मोबाइलमध्येही एका वेळी अनेक कामे चालतात. प्रोग्राममधील अशा प्रत्येक स्वतंत्र कार्यप्रवाहास थ्रेड म्हणतात. सर्व थ्रेड एकच स्मृती वापरतात. म्हणून कोणते मूल्य सर्वांचे आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न निर्माण होतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा विचार करीत आहोत.

आठवड्याचे दिवस ७ हा स्थिरांक होय. तो बदलतच नाही. त्यामुळे हजार थ्रेडनी एकाच क्षणी वाचला तरी बाधा येत नाही. बदलत्या मूल्याचे तसे नाही. भोजनगृहाच्या दोन दारांवर दोन विद्यार्थी येणाऱ्यांची मोजणी करून एकाच फळ्यावर आकडा लिहितात, असे समजू. फळ्यावर ४० आहे. दोघेही ४० वाचतात, मनात १ मिळवतात आणि ४१ लिहितात. आत आले दोघे. आकडा वाढला एकाने. संगणकातही मूल्य वाचणे, वाढवणे व परत लिहिणे या पायऱ्या वेगळ्या असतात. अशी चूक क्वचितच घडते, म्हणून ती चाचणीतून निसटते.

तिचे मोल जीवघेणे ठरू शकते. १९८५ ते १९८७ या काळात कॅनडात बनलेल्या थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे सहा रुग्णांना अतिप्रचंड मात्रा मिळाली; त्यांतील काही दगावले. कळफलकावरील नोंद घेणारे आणि यंत्र सज्ज करणारे काम सामायिक चलांवर अवलंबून होते. चालकाने त्वरेने केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, पण दुसऱ्या कामापर्यंत पोहोचत नसे. अपघातांच्या कारणांपैकी हे एक होते.

यावर उपाय तीन. जे बदलायचे नाही ते स्थिरांक म्हणूनच घोषित करावे. शक्य तेथे प्रत्येक थ्रेडला स्वतःचा हिशेब ठेवू द्यावा आणि शेवटी बेरीज करावी. तेही शक्य नसेल तर सामायिक चलास कुलूप लावावे, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड ते हाताळील. मात्र कुलूप लावले की इतरांना थांबावे लागते. म्हणून हा उपाय शेवटचा.

येथे एक सावधगिरी हवी. जावा भाषेत एखादी यादी 'फायनल' म्हणून घोषित केली तरी केवळ ते नाव दुसऱ्या यादीला देता येत नाही. यादीतील मूल्ये बदलता येतातच. रस्ट भाषा अधिक कडक आहे : बदलता येणारे स्थायी चल थेट वापरायचे तर तो भाग 'अनसेफ', म्हणजे असुरक्षित, असे प्रोग्रामरला स्वतः लिहावे लागते.

संगणकशास्त्राकडे वळणाऱ्या आपल्या मुलामुलींनी प्रत्येक सामायिक चलाविषयी प्रथम हेच विचारावे : हे कोण बदलू शकतो, आणि त्या वेळी इतर काय करीत असतील?